वरच्या आळीतली तिसरी हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली — बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन — आणि उतारे, अंगात येणं, लिंबू-मिरची यांवरून मी घरात इतकी भांडले आहे की आई मला "सायन्सवाली" म्हणते. तेव्हा खाली लिहिते आहे ते "बिचारीला भास झाला असेल" म्हणून सोडून देऊ नका. मला काहीच भास झाला नाही. घोळ तोच आहे...

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी राहायचो. संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच. आई लोकांची धुणी-भांडी करायची, तरी कित्येक दिवस आमचा स्टोव्ह फक्त कोऱ्या चहापुरता पेटायचा. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. ते सुटलं नाही याचं कारण एकच, शेवंताकाकी. राहायची डोंगरावर, वरच्या आळीत. मालवणकडची. नात्याची ना गोत्याची. सकाळी पेजेचं पातेलं पदराखाली धरून खाली उतरायची आणि आमच्या बंद दाराबाहेरून हाक मारायची, "बाये, आसस मा घरात?" म्हणजे, आहेस ना घरात? आई गप्प. काकी पुन्हा हाक मारायची. आई गप्पच. तिसरी हाक आली की आई कडी काढायची.

कोकणातल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. बंद दाराआडून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक माणसाचीच. मला याची भयंकर चीड यायची. पेज निवते आहे, पोटात कावळे कोकलतायत, आणि या दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून भुताची परीक्षा घेतायत!

त्या दिवाळीच्या सुमारास काकी गेली. माझा रिझल्ट तिने पाहिला नाही.

मग आला चौऱ्याऐंशीचा उन्हाळा आणि दंगल. युद्धं म्हणे सरहद्दीवर होतात. मी आमच्या डोंगराच्या चढावर बघितलं. खालची दुकानं जळाली, मधे पोलिसांचं कडं पडलं आणि वरची आळी अडकली. आळीत सगळी कोकणातलीच माणसं, निम्मी हिंदू, निम्मी मुसलमान. बोली एक, मासे एक, तिसऱ्या हाकेचा नियमही एक. पण कर्फ्यूला हे कोण सांगणार? खाली उतरेल त्याला पोलीस उचलत होते, म्हणून कोणी उतरत नव्हतं. ना पीठ, ना रॉकेल, ना दूध. आणि तिथेच काकीची सून नंदा होती, नुकती बाळंत झालेली. नवरा बंदरावर कामाला गेला तो तिकडेच अडकलेला. तिचं दूध आटलंय अशी बातमी खालपर्यंत आली आणि मला घरात बसवेना.

पोलीस ठाण्यात इंग्रजीत अर्ज मी लिहिला. मी. आमच्या वस्तीत दुसरं कोणाला ते येत नव्हतं, हे सांगायला मला लाज नाही वाटत. परवानगी मिळाली. आईने चार बायका जमवून मोठ्या टोपात खिचडी शिजवली, मी दुधाच्या पावडरचे डबे मिळवले. टेम्पो मित्रमंडळाचा, म्हणून मंडळाचे अध्यक्षही बरोबर आले. चढ सुरू होतो तिथे मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, जेवण आपलं आहे. आपल्यांच्या दारांवर द्यायचं. बाकीची सोड."

मी म्हटलं, "मग तुम्ही दारात उभं राहून आडनावं विचारा. मी वाढते."

"दोन बुकं शिकलीस म्हणून फार बोलतेस."

"दोन नाही हो. पुष्कळ शिकलेय."

पोलिसांच्या कड्यापाशी फौजदाराने टेम्पो अडवला. टोप हाताने न्या, दारं ठोकायची नाहीत, लोक घाबरून काहीतरी फेकतील. एकेका दारावर एकच हाक, कोणी आलं नाही तर पुढे चला. वर जाऊन परत येईपर्यंतच मुभा. सोबत एक कॉन्स्टेबल दिला, खानदेशातला, नवीनच बदलून आलेला. टोपाची एक कडी मी धरली, दुसरी शेजारच्या कुंदाने. भर दुपार. दगडी पायऱ्या पायाला चटके देत होत्या. सगळ्या आळीची दारं बंद.

मी प्रत्येक दारावर ओरडत गेले, "जेवण आणलंय, दार उघडा." एकेकदा. अगदी शुद्ध, कॉलेजच्या मराठीत. काही नाही. कडी वाजली नाही, फट किलकिली झाली नाही. नंदाच्या दारावर घसा फोडला. आत बाळ रडत असेल तर तेही ऐकू येईना.

आळी संपली. अध्यक्ष म्हणाले, "बघ. पळाली सगळी. चल आता, खालच्यांना वाटू."

मी आणखी एक फेरी मागितली. कॉन्स्टेबल मान हलवून म्हणाला, साहेबांची ऑर्डर नाही. माझ्या डोक्यात अशी सणक गेली की मी टोप खाली आदळला. फौजदारावर राग, या अध्यक्षावर राग, आणि खरं सांगते, त्या मुक्या दारांवरही राग. अन्न घेऊन आलोय आणि ओ सुद्धा देत नाहीत?

आणि दारं उघडली.

एकेक नाही, धडाधड. बायका पातेली, परात, डबे, हाताला लागेल ते घेऊन बाहेर आल्या. टोकाच्या घरातली राबियाबी सगळ्यांत पुढे. मी तिच्यावरच खेकसले, की मघाशी हाक मारली तेव्हा काय झालं होतं?

"पयली हाक तुझी गो," ती म्हणाली. "मागून आयल्या त्या दोन शेवंताच्या."

नंदा बाळाला छातीशी धरून उंबऱ्यात उभी होती. तिने सांगितलं ते हेच. आधी माझी हाक आली, ती घाबरून गप्प बसली. मग सासूबाईंची आली, "बाये, आसस मा घरात?" पुन्हा तीच आली, म्हणजे तिसरी हाक झाली, तेव्हा तिने कडी काढली. मी घरोघरी विचारलं. सगळीकडे तेच उत्तर, जणू ठरवून दिलेलं. पण दारं बंद असताना ठरवणार कोण आणि कधी?

मी काहीही ऐकलं नव्हतं. कुंदानेही नाही. तेवढ्यात कॉन्स्टेबल जवळ आला, चांगलाच वैतागलेला.

"मॅडम, ती म्हातारी कुठे गेली?"

"कुठली म्हातारी?"

"तुमच्या मागून ओरडत होती ती. दिसली नाही, नुसता आवाज. कर्फ्यूत बाहेर कशी काढली तिला?" आणि वर, "ते 'आसस मा' म्हणजे काय हो?"

काकीला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मालवणी त्याला कळत नव्हती. तीन हाकांची भानगडही त्याला ठाऊक नव्हती.

अध्यक्षांनी काय ऐकलं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पण त्यानंतर ते मुकाट्याने राबियाबीच्या पातेल्यात खिचडी वाढत होते, आणि त्यांनी एकही आडनाव विचारलं नाही.

मी पुष्कळ डोकं लावलं. प्रतिध्वनी म्हणावा तर प्रतिध्वनी माझ्या शुद्ध मराठीचं मालवणी करत नाही. आळीतलीच कोणी बाई म्हणावी तर सगळ्या आत होत्या, कड्या लावून. माझ्या केमिस्ट्रीत याचं उत्तर नाही, आणि "काकीचा आत्मा" म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. उत्तर नाही याचा राग येतो. ज्या बाईची पेज खाऊन मी शिकले तिची हाक त्या परक्या पोलिसाला ऐकू गेली आणि मला नाही, याचा त्याहून जास्त. आणि सगळ्यांत जास्त राग आम्हा जिवंत माणसांचा. अर्ज, ऑर्डर, आडनावं... आणि माणसाच्या दारावर एकच हाक.

काय झालं ते मला सांगता येत नाही. काय केलं ते सांगते. त्या दुपारी वरच्या आळीतल्या प्रत्येक घरात खिचडी पोचली, एकही दार सुटलं नाही, आणि नंदाचं बाळ जगलं.