कावळा शिवला नाही

आमच्या शेजारची छाया कर्जतपलीकडच्या एका कला महाविद्यालयात कथालेखन शिकते. वर्गात वाचायला तिने वडिलांवर, धाकलूंवर, कथा लिहिली. नाव त्यांचंच ठेवलं आणि शेवटी त्यांना मारलं. ती घरी वाचून दाखवत होती, तेव्हा मी महादेवासाठी बेल आणायला त्यांच्या अंगणात गेले होते.

तिची आई सुंदरा तांदूळ निवडत होती. तिने सूप आपटलं.

"जित्या बापाला मारतंस गं? ह्येच शिकवतात तिकडं? उद्यापासून कालेज बंद!"

छाया रडवेली झाली. धाकलू मात्र हसले.

"खोट्या मरणानं आयुष्य वाढतं गं. दहाव्याला कावला शिवला का नाय, त्ये सांग."

"नाय शिवला, बाबा."

"का? माजी कंची इच्छा राहिली?"

"त्ये मलाच म्हाईत नाय. तितंच कथा अडलीय."

धाकलू म्हणाले, "मला भजनात पेटी वाजवायची व्हती. शिकवनारा कोन भेटला नाय."

सुंदरा त्यांच्याकडे बघत राहिली. "मला कंदी बोललात नाय."

"तू कंदी इचारलंस?"

सुंदराने सूप परत मांडीवर घेतलं आणि छायाला म्हणाली, "बगतंस काय? लिव की. उद्या वर्गात वाचायचंय ना?"