मच्छरदाणी आणि बावखल

वाडीत नवा पंप बसवताना तुम्ही केळींचा विचार केलात. बावखलातल्या माशांच्या अंड्यांचा केलात का?

गास गावातली आमची एक शेजारीण, आमची काकी, तो विचार करते. परसातल्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या त्या तळ्यात, ती काथ्याच्या जुड्या सोडते. मासे त्यांवर अंडी घालतात. मग त्या जुड्या ती काठाशी बांबूच्या टोपलीत ठेवते, नाहीतर मोठे मासेच अंडी गिळतात. कुणी काठावर मोठ्याने बोललं की ओरडते, "हळू बोल रे, बाळंतिणीची खोली हाय ही!" तिचा स्वतःचा आवाज मात्र चार वाड्यांपलीकडे जातो.

परवा अंडी फुटली. बारीक पिल्लं टोपलीतून निसटून पाण्यात पसरली आणि त्याच सकाळी काका पंप चालू करायला निघाले. पाइपाने सगळी पिल्लं ओढून घेतली असती.

"थांबा!" म्हणत काकी घरात गेली, पलंगावरची मच्छरदाणी काढून आणली आणि कमरेभर पाण्यात उतरून पाइपाच्या तोंडाला घट्ट बांधली.

"अगं, मला डास फोडून काढतील!" काका कळवळले.

"हीच पिल्लं मोठी होऊन डास खातील. तोवर खाजवा!"

पाणी संथ आलं, केळी भिजायला दुपार झाली, पण पिल्लं वाचली. काका खाजवत हसत होते.

बावखल तुमच्या मालकीचं असेल, त्यातला जीव नाही. आज पंप सुरू करण्याआधी पाइपाच्या तोंडाला झिरझिरीत कापड बांधा, आणि शेजाऱ्यालाही बांधायला लावा.