राजवाडा आणि दामल्यांचे किडे

आता काय सांगू तुम्हाला… हातातला चहा आधी खाली ठेवा. हसताना सांडाल आणि वर मलाच फडकं मागाल.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. सभासद कसे? लिफ्टमध्ये पान खाणारे आणि मीटिंगला फक्त वेफर्ससाठी येणारे! अशा लोकांसाठी मी दरवर्षी गणपतीआधी फळ्यावर सूचना लिहितो. गेल्या वर्षीची ही: 'थर्माकोलवर बंदी आहे. काहींना वाचता येत नसावे. ज्यांच्या घरी थर्माकोलचे मखर आढळेल, त्यांचे नाव या फळ्यावर लागेल.'

झकास ना? फक्त एक अडचण होती. माझ्याच माळ्यावर थर्माकोलचा नऊ घुमटांचा राजवाडा होता. बंदीच्या आधी मी स्वतः कोरलेला. टाकवत नव्हता, आणि टाकणार तरी कुठे? जिन्यात प्रत्येक दार उघडं, प्रत्येक दारात एक नाक!

दुसऱ्या मजल्यावर दामले राहतात. पक्षी पाळतात आणि त्यांना खायला घालायला किडे पाळतात. मीलवर्म म्हणे! डबाभर पिवळ्या अळ्या वळवळत असतात आणि हा माणूस त्यांना गाजर भरवतो.

"परदेशी आहेत बरं का," दामले कौतुकाने म्हणाले.

"का? आपल्याकडे पिठातल्या किड्यांची टंचाई होती?"

"अहो, हे थर्माकोलसुद्धा खातात!"

माझे कान टवकारले. नऊ घुमट, एकही साक्षीदार नाही, आणि तेही फुकटात!

"दामले, थोडे मलाही द्या. यांची विष्ठा गुलाबाला चांगली असेल, नाही?"

"उत्तम! पण कोंडा घाला हं. आणि पाण्यासाठी गाजराचा तुकडा."

कोंडा? काय जावई आहेत? कोंडा मिळाला तर थर्माकोल कोण खाईल? मे महिन्यात, बायको माहेरी बिबवेवाडीला गेलेली बघून, मी त्यांना उपाशीपोटी राजवाड्यात सोडलं.

काही दिवसांनी बघतो तर घुमटांना सुईएवढी भोकं! आणि अळ्या? पांढऱ्याफटक, आखडलेल्या, निपचित. मेल्या! परदेशी माल, दुसरं काय होणार? तिरमिरीत माळ्याचं दार लावलं आणि विसरलो.

श्रावणात एका संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, हे काळं काय चाललंय भिंतीवरून?"

चकचकीत काळे भुंगेरे! उडत नव्हते, चावत नव्हते, नुसते रांगेत हवा खायला निघाल्यासारखे चालले होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमध्ये, मग जिन्यात. सोसायटीत बोंबाबोंब!

मी काय केलं असेल? तातडीची सभा बोलावली! भर सभेत दामल्यांकडे बोट दाखवलं. "पक्ष्यांच्या नावाखाली घाण पाळणाऱ्यांमुळे आज ही वेळ आली आहे!"

मला अजिबात शंका आली नव्हती हो! माझ्या अळ्या मेल्या होत्या ना? आणि त्या पिवळ्या, हे काळे. संबंध काय?

दामले शांतपणे म्हणाले, "चला, कुठून येतात ते बघू."

अख्खी कमिटी भुंगेऱ्यांच्या मागे निघाली. जिना, पॅसेज, माझं दार, माझं स्वयंपाकघर. दामले स्टुलावर चढले. त्यांनी माळ्याचं दार उघडलं.

"सेक्रेटरी, हा राजवाडा कुणाचा?"

दामल्यांनी पांढरं काहीतरी चिमटीत धरलं. "हे बघा, कोष. यात किडा निपचित पडून राहतो आणि बाहेर येतो तो भुंगेरा होऊन. मग अंडी, मग पुन्हा अळ्या."

"मला वाटलं मेल्या…" मी पुटपुटलो. झालं! स्वतःच्या तोंडाने कबुली!

बायको म्हणाली, "हेही रोज दुपारी असेच निपचित पडतात. फक्त उठल्यावर काही बदल होत नाही."

राजवाड्याशेजारी आमचं वर्षाच्या गव्हाचं पोतं होतं. मेल्यांनी थर्माकोल चाखून सोडला होता आणि पोत्यात मुक्काम ठोकला होता. गव्हाचा नुसता भुसा उरलेला. बायकोने पोत्यात हात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. मला फार लाज वाटली. ती बोलली असती तर परवडलं असतं.

नियम माझाच, आणि फळ्यावर लिहायचं काम सेक्रेटरीचं. त्यामुळे माझं नाव मीच लिहिलं, वळणदार अक्षरात. सगळी सोसायटी मागे उभी. एरवी वेफर्स असल्याशिवाय न येणारेसुद्धा!

सकाळी दूध आणायला उतरलो, तर माझ्या नावाखाली कुणीतरी खडूने एक ओळ जोडली होती:

'मखर किड्यांनाही आवडले नाही.'