राकेशच्या हातातला बूट

आधीच ठणकावून सांगते, मी भुताखेतांतली बाई नाही. पेण तालुक्यात मी जी पत्रकं वाटते त्यातली निम्मी बुवाबाजीच्या विरोधात असतात. कुणी "जागा लागलेली हाय" म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला - यात फायदा कुणाचा? तो प्रश्न मी आजही सोडलेला नाही. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

जागा आधी नीट सांगते. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना रस्त्याच्या आत, एका कॉलेजचं प्रशिक्षण केंद्र आहे. आग विझवणारे, अॅम्ब्युलन्सवर जाणारे, पुरात उतरणारे - सगळ्यांचा कोर्स तिथे होतो. जागा पूर्वीच्या भातगिरणीची. गिरणीचं गोदाम म्हणजे त्यांची 'धूरखोली'. खिडक्या बुजवलेल्या, दारं दोन, एक पुढे आणि एक मागे. वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचे - "मास्क गळायला लागला तर जवळचं दार गाठा." आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप! का? तर तिथले पितळी नोझल चोरीला जातात म्हणे. शिवाय धुराचं यंत्र बंद पडलेलं, म्हणून ओला पेंढा जाळून खराखुरा धूर करायचे.

माझा मावसभाऊ निलेश तिथे शिकत होता. गडब गावात त्यांची भातशेती, पण ती दोघा भावांना पुरणारी नाही. हा कोर्स पुरा झाला तर कंपनीच्या फायर टीममध्ये शिफ्ट मिळणार होती. कुलपाचं त्यानेच मला सांगितलं. मी पत्रक काढलं - 'हे प्रशिक्षण की कोंडवाडा?' पेण स्टँडवर वाटलं, रोह्यात वाटलं. मावशी चिडली. "गो, तुझ्या कागदापायी पोराची नोकरी जायाची!"

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. गोड हसत म्हणाले, "बाहेरून लिहिणं सोपं असतं हो. एकदा आत जाऊन या ना."

म्हटलं, जाते.

भर दुपारची वेळ. आम्ही पाच जण. सगळ्यांत पुढे निलेश, त्याच्यामागे राकेश - नदीकाठच्या वाडीवरचा, मोजकं बोलणारा पोरगा - मग दोघं आणखी, आणि शेवटी मी. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क. शिकवणारे कदम सर पुढच्या दारात उभे. त्यांनी पद्धत समजावली. गुडघ्यांवर रांगायचं, एक हात भिंतीला, दुसरा पुढच्याच्या बुटावर. भिंत धरून सगळी खोली फिरायची आणि त्याच दाराने बाहेर यायचं. आत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून शेवटचा माणूस पुढच्याच्या बुटावर थाप मारतो. ती थाप एकेक करत पहिल्यापर्यंत जाते, मगच पहिला सरकतो.

"थाप नाही तर हालचाल नाही," सर म्हणाले. "म्हणजे गाडी तुमच्या हातात, ताई."

"मंग आज पोचत नाय आपन," निलेश म्हणाला. सगळे हसले.

आत गेल्यावर स्वतःचा हात दिसेना. मी थाप मारायची, रांग सरकायची. पुन्हा थाप. एक कोपरा वळलो, दुसरा वळलो. मागची भिंत आली. आणि तिथे मागून कुणीतरी माझा घोटा धरला.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले नाही. मला संताप आला! वाटलं, यांनीच माणूस लपवून ठेवलाय. पत्रकवाली बाई किंचाळत बाहेर पळेल, गावभर हसं होईल, संपली मोहीम. म्हटलं, पकडतेच याला. थाप द्यायची थांबवली. रांग थांबली. मागे हात घालून त्याचं मनगट घट्ट धरलं... तर ते हिसका देईना. ढिलं पडलेलं. ओढलं तर अख्खा माणूस ओढला गेला.

नाटक नव्हतं हे. पुढच्याला ओढून जवळ घेतलं, त्याचा हात त्या अंगावर ठेवला. त्याला कळलं. दोघांनी मिळून ओढायला घेतलं, मी थाप दिली, रांग हलली. अशीच थाप देत देत आम्ही पुढच्या दाराने बाहेर आलो.

उजेडात कदम सरांनी त्या माणसाचा मास्क काढला. निलेश होता.

रांगेत सगळ्यांत पुढे असलेला निलेश.

पाणी, ऑक्सिजन, पेणचं हॉस्पिटल... वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितलं ते सरळ होतं. दुसऱ्या कोपऱ्याआधीच मास्क गळायला लागला. शिकवल्याप्रमाणे त्याने राकेशच्या हातातून बूट सोडवला आणि जवळचं दार गाठलं. मागचं. कुलूपवालं! तिथेच पडला. आमची रांग जवळून गेली तेव्हा हाताला लागलेला पाय त्याने धरला. तो माझा.

म्हणजे घोट्याचं कोडं सुटलं. मग मी राकेशला विचारलं, "निलेश गेला तेव्हा तू मागच्याला का नाही कळवलंस? थांबला का नाहीस?"

"बूट सुटला व्हता," तो म्हणाला. "मी हात पुढं केला तर परत गावला. मला वाटला निलेशच हाय."

"किती वेळ धरला होतास?"

"दारापोतूर."

दोन दिवसांत कॉलेजने काय केलं असेल? 'जागा लागलेली' म्हणत धूरखोलीत पूजा घातली. मागच्या दारापाशी नारळ फोडला, कुलपाला हार घातला. कुलूप तसंच! प्राचार्य म्हणतात, "गावाची श्रद्धा आहे, आपण काय बोलणार." माझा ठरलेला प्रश्न आठवा - फायदा कुणाचा?

मग कॉलेजवाले चौकशीला बसले. तिथे तेच प्राचार्य म्हणाले, "राकेशच्या हातात शेवटपर्यंत बूट होता ना? मग निलेश शेवटपर्यंत पुढेच होता. मागच्या दाराकडे गेलाच नाही; तिथे सापडला हे पत्रकवाल्या बाईंचं म्हणणं. कुलपाचा संबंध नाही. मास्क त्यानेच सैल केला असणार." म्हणजे निलेशचं नाव कोर्समधून कटणार. पूजेला भूत चालतं, चौकशीला चालत नाही!

मावशी राकेशच्या हातापाया पडली. "बाबा, हात सुटला व्हता येवढाच बोल."

राकेश मान खाली घालून बसला होता. "मावशे, हातात व्हता तर व्हता. नाय कसा म्हनू?"

मला वाटलं, हा फुटला, कॉलेजने विकत घेतला. तोंडावर बोललेसुद्धा.

मग कदम सर उठले. नोकरी त्यांचीही तिथेच. म्हणाले, "दारात मी होतो. पहिला राकेश बाहेर आला. हात पुढे, मूठ आवळलेली. त्याच्यापुढे कुणी नव्हतं."

"मग याच्या हातात काय होतं?" प्राचार्यांनी विचारलं.

"ते मला विचारू नका, सर. निलेश पुढे नव्हता, एवढं लिहा."

ते लिहावं लागलं. निलेशचं नाव राहिलं. कुलूप निघालं, हारासकट. आज निलेश नागोठण्याला शिफ्ट करतो.

इथे माझं पत्रक संपायला हवं होतं. पण मी संशयी बाई, मी खोदत राहिले. राकेशने आतला एखादा पाइप धरला असेल? पाइप सरकत नाही. कॉलेजने आत माणूस ठेवला असेल? हे मला सर्वांत पटतं, अजूनही. पण मग तो गेला कुठून? पुढच्या दारात कदम सर. आणि मागच्या दाराला कुलूप होतं हे तर मीच तालुकाभर ओरडून सांगितलंय. माझंच पत्रक मला आडवं येतं.

शेवटी वाडीवर जाऊन राकेशची माफी मागितली आणि विचारलं, "तुला काय वाटतं, कोण होता?"

तो जाळ्याची गाठ सोडवत होता. वर न बघता म्हणाला, "त्ये नाय ठाव. पन ताई, तू निलेशला धरलास नि थाप थांबली, तवा त्यो पन थांबला. तू थाप दिलीस, मंगच हालला." गाठ सोडवून म्हणाला, "कोन पन असू दे. आपल्यावानी शिकलेला व्हता."

आत कोण होता याचं उत्तर कुणाकडे असेल तर कळवा. फक्त नारळ फोडा म्हणून सांगू नका.