कागदी रुमालावरचं नाक

शेजारशेजारच्या देशांनी मिळून गोरिला कसे वाचवायचे, यावर पुण्यात वारज्याला बैठक होती. मी फ्रेंच दुभाषी. ज्यांच्यासाठी मला बोलावलं होतं त्या बाई आफ्रिकेतल्या एका जंगलखात्यात होत्या. बोलताना त्या सारख्या समोरच्याच्या नाकाकडे बघायच्या. आम्हा पुणेकरांना कुणी इतकं निरखलेलं खपत नाही. शेवटी मी विचारलंच, "माझ्या नाकाला काही लागलंय का?"

त्या हसल्या. "प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात. आम्ही त्यावरूनच ओळखतो. सवय जात नाही."

समोरचे गृहस्थ बाईंच्या शेजारच्या देशातले, इंग्रजी बोलणारे. दोन्ही देशांचं जंगल एकच, पण माहिती आधी कुणी कुणाला द्यायची यावर सकाळपासून घोडं अडलेलं. दोन्हीकडची तीच तीच वाक्यं बोलून माझा घसा बसला.

चहाच्या वेळी बाईंनी कागदी रुमालावर पेन्सिलीनं एक नाक काढलं. "ही आमची. गेल्या वर्षी दिसेनाशी झाली. शिकाऱ्यांच्या फासात मेली असं समजून आम्ही शोध थांबवला."

मी इंग्रजीत सांगेपर्यंत गृहस्थांनी रुमाल ओढून घेतला होता. "अहो, ही तर आमच्याकडे आहे!"

वर्षभर ती डोंगराच्या पलीकडे, गृहस्थांच्या हद्दीत होती, आणि बाईंच्या खात्याला कुणी कळवलं नव्हतं.

बाई मला म्हणाल्या, "विचारा ना, एकटीच असते का?"

मी विचारलं. गृहस्थांनी बाईंच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या नाकाशेजारी एक इवलंसं नाक काढलं.