तळहातावरचा चुना

वडीगोद्रीच्या टपरीवर शेजारच्यानं तंबाखूला चुना लावला, आणि त्या वासासरशी मी पुन्हा माझ्या ट्रकच्या स्टिअरिंगमागं जाऊन बसलो.

तेव्हा हा रस्ता चौपदरी नव्हता. ट्रकच्या मागं अडकलेल्याला समोरचं काही दिसायचं नाही. तो हॉर्न द्यायचा. पुढं मोकळं असलं की मी खिडकीतून हात हलवायचो, मग तो बिनघोर पुढं जायचा.

त्या दुपारी मी कोपरानं स्टिअरिंग धरून तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि तळहातावरचा चुना खिडकीबाहेर झटकला. मागची मोटारसायकल तेवढ्यात बाहेर निघाली. समोरून टेम्पो येत होता.

मी धावत गेलो. मोटारसायकलवाला रस्त्यावर पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. "भाऊ, तुम्ही साईड दिल्ती ना?" एवढंच बोलला आणि गेला.

पोलिसांना मी सांगितलं, "म्या हात केलाच न्हाई, साहेब." खोटं नव्हतं ते.

आता रस्त्याच्या मधोमध दुभाजक आहे. कुणाला कुणाच्या हाताची गरज उरली नाही. शेजारच्यानं मळलेली चिमूट माझ्यापुढं धरली, "घ्या काका." मांडीखाली दाबलेला माझा उजवा हात बाहेर निघाला नाही.