घोरणं थांबलं त्या दुपारी

समस्त गुडीहत्नूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की आमच्या शेजारच्या बियाणेवाल्या भाऊंनी घोरणं बंद केलं आहे.

भाऊ दुपारी दुकानातच, खताच्या पोत्यांना टेकून झोपतात. हटकलं तर म्हणायचे, "झोपतो कुठी? इचार करून राह्यलो." तो इचार हायवेपर्यंत ऐकू जायचा. मधेच श्वास अडला की गिऱ्हाइकं घासाघीस थांबवून भाऊंकडे बघत बसायची. भाऊ दचकून श्वास घ्यायचे, मग भाव पुढे सुरू. भाऊंच्या घरच्या वहिनी मात्र धास्तावून, तोंडाला पदर लावून दारात उभ्या.

बीपी वाढलं म्हणून दाखवायला नेलं, तेव्हा आदिलाबादच्या डॉक्टरांनी समजावलं, "श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू घटतो. तेव्हा रक्तवाहिन्या सैल व्हायला पाहिजेत. रोजच्या या छळानं तुमच्या नीट सैल होईनात, उलट आखडतात. म्हणून बीपी चढतं. झोपताना हवा पुरवणाऱ्या मशीनचा नळीवाला मास्क लावा."

"म्हणजे सोंडच लावू का आता?" भाऊ कुरकुरले. पण वहिनींचा चेहरा बघून परवा भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी मास्क चढवला आणि डोळे मिटले. दुकान चिडीचूप झालं. त्या शांततेनं घाबरून, इतकी वर्षं घोरण्याला वैतागलेल्या वहिनी आतून धावत आल्या आणि भाऊंना गदागदा हलवत ओरडल्या, "अवो, घोरा ना! काऊन चूप झाले?"